ज्याचा दगड, त्याचं नाव

रंजीता उंदिरवाडे लग्न होऊन देसाईगंजला आली तेव्हा तिच्या ट्रंकेत साड्यांच्या खाली अकरा दगड निघाले. सासूनं एकेक उचलून पाहिला, उन्हात धरून पाहिला आणि शेजारणीला सांगितलं, "लोकाइच्या सुना भांडे घेऊन येतेत, आमची गोटे घेऊन आली." रंजीता हसली. तिनं ते दगड पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळले. प्रत्येकाबरोबर एक चिठ्ठी होती: कुठे सापडला, कधी सापडला, कोणता खडक.

ही सवय वडिलांची. नानाजी आरमोरीजवळच्या खेड्यात रोजीनं कामाला जात आणि संध्याकाळी विहारात पोरांना गणित शिकवत. कोणी काहीही सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न असे, "पुरावा काय हाय?" गावातल्या चिंचेवर बाई बसते असं ऐकून दहा वर्षांची रंजीता तिकडून जाईना, तेव्हा त्यांनी तिला ऐन दुपारी पुस्तक घेऊन त्या चिंचेखाली बसवलं होतं. तिनं अख्खा धडा वाचून काढला आणि घरी आली. "दिसली का बाई?" त्यांनी विचारलं. "नाई." "लिहून ठेव मग."

एटापल्ली तालुक्यातल्या पेंदुरवाहीच्या शाळेवर तिची बदली झाली तेव्हा सगळ्यांनी हळहळ केली. नवरा लोकेश गडचिरोलीला सरकारी कार्यालयात होता, शनिवारी यायचा आणि रविवारी जायचा. मुलगी रिना अकरा वर्षांची, ती आईबरोबर. शाळेच्या मागे एक खोली होती, तिला सिमेंटचा ओटा होता आणि फोनची रेंज त्या ओट्याच्या डाव्या कोपऱ्यातच यायची. पावसाळ्यात कपडे तीन तीन दिवस वाळायचे नाहीत. तांदळात सोंडे व्हायचे. सूरजागडच्या लोहखाणीकडे जाणारा मोठा रस्ता दूर होता, तरी वारा तिकडून असला की दारातल्या बादलीतल्या पाण्यावर तांबडी साय धरायची. रंजीता ती बोटानं काढायची आणि रिनाला म्हणायची, "पाह्य, हेमाटाइट. लोक शिकायले लांब जातेत, आपल्या घरी बादलीत येते."

पाचवी ते सातवीची बावीस मुलं तिच्याकडे एकाच खोलीत बसत. रिनाही त्यातच, सहावीत. तिच्या शेजारी सुकरी पुंगाटी बसायची. सुकरीला आईबाप नव्हते, आजीनं वाढवली होती. हडकुळी, तेल न लावता घट्ट बांधलेले केस, आणि प्रश्न विचारायची खोड. वर्गात माडिया बोलणाऱ्या पोरांना मराठी पुस्तक जड जायचं. सुकरी मात्र आधी पुस्तक वाचायची आणि मग खिडकीबाहेर पाहून ते खरं आहे का ते तपासायची. रंजीताला वाटायचं, नानाजींना ही पोरगी आवडली असती.

जुलैच्या शेवटी सहावीचा खडकांचा धडा आला. रंजीतानं आपले अकरा दगड टेबलावर मांडले. अग्निजन्य, गाळाचे, रूपांतरित. मग ती म्हणाली, "आता प्रत्येकानं आपापला एक दगड आणायचा. नाल्यातून आणा, शेतातून आणा. आपण त्याचं निरीक्षण करू. मी चिठ्ठ्या चिकटवीन. ज्याचा दगड, त्याचं नाव."

सुकरीनं हात वर केला. "म्याडम, जित्या मानसाचं नाव?"

रंजीताला वाटलं, हिला मागच्या आठवड्यातला सजीव-निर्जीवचा धडा आठवला. ती खुशीत आली आणि तिच्याच बोलीत म्हणाली, "मंग का मेलेल्याचं? मेलेला मानूस गोटा आनायले कसा येईन वं?"

एकटी रिना हसली.

गावाच्या वेशीवर, नाल्याच्या अलीकडे, उभे दगड होते हे रंजीताला माहीत होतं. कमरेएवढे, गुडघ्याएवढे, काही वीतभर. गावात माणूस गेलं की त्याच्या नावानं तिथे एक दगड उभा करतात, हे तिनं रुजू होताना मिळालेल्या पुस्तिकेत वाचलं होतं. पुस्तिकेत वाचलेल्या गोष्टी माणसाला जशा माहीत असतात, तसं तिला ते माहीत होतं. शाळेत जाता-येता ती त्या दगडांकडे पाहायची ती खडकाचा प्रकार ओळखायला.

दुसऱ्या दिवशी एकोणीस दगड आले. खिडकीच्या लांब कट्ट्यावर तिनं ते आडवे मांडले आणि प्रत्येकावर पांढरी चिठ्ठी डकवली: नाव, ठिकाण, तारीख, प्रकार. रिनाची गारगोटी होती, दुधासारखी. सुकरीचा दगड काळपट तांबडा, नारळाएवढा, पण उचलायला दोन्ही हात लागावेत असा. "लोहखनिज," रंजीता म्हणाली. "सगळ्यांत चांगला नमुना." सुकरी आपल्या नावाकडे पाहत राहिली. खूश झाली की काय झालं, ते तिच्या तोंडावरून कळलं नाही.

मग सुतळीनं प्रत्येक दगडाचा घेर मोजायचा कार्यक्रम झाला. सुतळी दगडाभोवती गुंडाळायची, जिथे टोक मिळेल तिथे गाठ मारायची, पट्टीवर लावून वहीत लिहायची. गाठी मारलेल्या सुतळ्या खिळ्याला टांगल्या. "महिन्यानं पुन्हा मोजू," ती म्हणाली. "म्हणजे कळेल, दगड वाढतो का ते. झाड वाढतं, आपण वाढतो. दगड?"

"वाढते," तीन-चार जण एकदम म्हणाले.

"पुरावा बघू," रंजीता म्हणाली.

ऑगस्टमध्ये तिच्या काही गोष्टी लक्षात आल्या. सकाळी वर्ग उघडला की कट्ट्यावर दगडांसमोर तांदळाचे दाणे पडलेले असत, चार-पाच, एकेका दगडासमोर. उंदरांनी पोषण आहाराच्या पोत्यातून आणले असतील असं म्हणून ती झाडून काढायची. मग एकदा दाण्यांबरोबर मोहाची वाळकी फुलं होती. उंदीर मोह आणेल, पण मोजून एकेक ठेवणार नाही. आणि एका सोमवारी सगळे दगड उभे होते. तिनं आडवे मांडलेले एकोणीसच्या एकोणीस दगड आपापल्या अरुंद टोकावर उभे होते, चिठ्ठ्यांची तोंडं वर्गाकडे. सुकरीचा तेवढा किंचित पुढे झुकलेला.

"हे कोणी केलं?"

खोलीची किल्ली तिच्याजवळच होती, पण खिडकीला गज होते आणि गजांतून हात जातो. तिनं दगड पुन्हा आडवे केले. हात गजांतून जातो, हे तिनं त्या दिवशी दोनदा करून पाहिलं.

खिचडी शिजवणारी धुरपता त्याच गावची होती. बोलायला सैल आणि हाताला घट्ट, तेल तर थेंबानं घालायची. दुपारी भांडी घासताना रंजीतानं तिला विचारलं, "धुरपताबाई, हे तांदूळ कोन ठेवून राह्यलं?"

"लेकरंच. अजून कोन?"

"काऊन पन?"

धुरपतानं पातेलं पालथं घातलं. "गोट्यावर नाव टाकलं तुमी. नाव टाकलं का मंग त्याले जेवू घाला लागते. उपाशी ठेवते का कोनी?" मग हसून म्हणाली, "तुमी मास्तरनी लोक. तुमच्या नावाले काई होत नाई."

"आन गोटा वाढते म्हन्ते पोरं, ते?"

"मेलेला सुखात असला का वाढते. माह्या सासऱ्याचा दोन बोटं वाढला. जितेपनी कधी सुखात नोयता म्हना."

"आन जित्याचा?"

"जित्याचा कोनी उभाच करत नाई वं बाई," धुरपता म्हणाली. "मले का ठाऊक?"

महिना भरला तेव्हा सुतळ्या काढल्या. अठरा सुतळ्या बसल्या, जरा ओढून का होईना. सुकरीनं आपली सुतळी दगडाभोवती घेतली आणि टोक गाठीपर्यंत पोचेना. बोटाच्या पेराएवढं अंतर राहिलं. तिनं पुन्हा घेतली. मग तिनं दगड सोडून रंजीताकडे पाहिलं.

"सुतळी ओलसर झाली की आखडते," रंजीता म्हणाली. "पावसाळा आहे. वहीत लिहा, सुतळी आखडली." सगळ्यांनी लिहिलं. शाळा सुटल्यावर तिनं शिलाई मशीनच्या खणातली टेप आणली आणि एकटीनं मोजलं. जुलैच्या वहीतल्या आकड्यापेक्षा सव्वा सेंटिमीटर जास्त. सुकरीनं तेव्हा चुकीचं मोजलं असणार, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण सुकरी चुकीचं मोजत नसे, हे तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

त्या बुधवारी सुकरी आली नाही. ताप आहे, असं कळलं. आशाताईनं बोट टोचून मलेरिया तपासला, निघाला नाही. दोन दिवसांनी पुन्हा तपासला, तेव्हाही नाही. रंजीता घरी जाऊन आली, गोळ्या देऊन आली. पोरगी गोधडीखाली होती, अंग भाजत होतं, डोळे उघडे होते. दवाखान्याची गाडी बोलवते म्हटलं तर आजी, बायनाबाई, मान हलवत राहिली. तिची मराठी बाजारापुरती होती. "दवाखाना नको," ती म्हणाली. "हे दवाखान्याचं नाई."

शनिवारी हजेरी घेताना रंजीतानं नाव पुकारलं, "सुकरी पुंगाटी." गैरहजर मुलाचं नाव आलं की पोरं त्याच्या रिकाम्या जागेकडे पाहतात. त्या दिवशी सगळ्या माना खिडकीच्या कट्ट्याकडे वळल्या. काही क्षण सगळे थांबले, जणू तिकडून कोणी ओ देणार होतं. तिनं घाईनं पुढचं नाव घेतलं. मग तिच्या ध्यानात आलं की चार दिवसांत वर्गात कोणी 'सुकरी' म्हटलंच नव्हतं. 'ती' म्हणत होते. रिनासुद्धा.

त्या संध्याकाळी लोकेश यायच्या आधी रंजीता वर्गात गेली. दूध गॅसवर ठेवून आली होती, ते उतू जाईल म्हणून घाईत होती. तिनं पाण्याचा हात फिरवून गारगोटीवरची चिठ्ठी भिजवली आणि नखानं खरवडून काढली. चिठ्ठी मळली होती, असं तिनं मनाशी म्हटलं. मळलेली चिठ्ठी बदलायला नको का? पण नवी चिकटवली नाही. आणि बाकीच्या अठरा, त्याही मळलेल्या होत्या, त्यांना हात लावला नाही. काढलेला कागद तिनं चुलीत टाकला. घरात गॅस होता, तरी धुरपताच्या चुलीत टाकला, तो पुरता जळाला का ते पाहिलं आणि मग दूध उतरवलं.

सोमवारी रिनानं जेवताना विचारलं, "आई, माह्या गोट्यावरचं नाव कुठी गेलं?"

"पडलं असन."

"कुठी पडलं? खाली तं नाई."

"जेव तू."

मंगळवारी बावीसपैकी नऊ मुलं आली. बुधवारी तीन, त्यातली एक रिना. रंजीतानं धुरपताला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मान खाली घालूनच म्हणाली, "म्याडम, तुमी म्हनत होत्या का गोटा तो गोटा, कागद तो कागद. पोरं आयकत होते तुमचं, घरी सांगत होते. मंग तुमीच आपल्या पोरीचं नाव काढलं. एकलीचं काढलं. गावानं का समजाचं?"

रंजीताला कितीतरी बोलायचं होतं, पण त्यातलं एकही वाक्य नानाजींच्या प्रश्नापुढे टिकलं नसतं.

त्याच दुपारी तिनं घरोघर जाऊन मोठ्या माणसांना बोलावून आणलं आणि त्यांच्यादेखत सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. ज्यानं लिहिलं त्यानंच काढायचं असतं, म्हणून त्यातला कोणी मदतीला पुढे झाला नाही. सतरा निघाल्या. लोक आपापल्या पोरांचे दगड उचलून नाल्याकडे घेऊन गेले. सुकरीच्या दगडावरची चिठ्ठीही तिनं भिजवून काढली, पण तो दगड कोणी नेला नाही. एक म्हातारा त्याच्याजवळ वाकला, चिठ्ठी होती तिथे बोट ठेवलं आणि मागे सरला. "नाव यानं ठेवून घेतलं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून शाळा भरली. सुकरी तेवढी नाही. ताप उतरला होता म्हणे. हिंडतेफिरते, जेवते. मग शाळेत का नाही? धुरपता म्हणाली, "ती नावावर ओ देत नाई. तुमी हजेरीत नाव घ्यान आन ओ दुसरीकडून आली तं? म्हातारी भेते."

पोरीचं वर्ष जाईल, एवढंच नव्हतं. सुटलेल्या मुली परत येत नाहीत हे रंजीतानं सोळा वर्षांत पाहिलं होतं. सातवीतली सुटते, मग मोह वेचायला जाते, मग तिचं लग्न होतं. आणि हिला तिनं स्वतः, आपल्या अक्षरानं, वर्गाबाहेर काढलं होतं.

रविवारी सकाळी तिनं तो दगड पिशवीत घातला आणि बायनाबाईकडे निघाली. लोकेश म्हणाला, "मी आनू का उचलून?" ती नको म्हणाली. ऊन लख्ख होतं. सागाच्या पानांवर किड्यांनी जाळी केली होती, त्यातून रस्त्यावर उजेडाची चाळण पडली होती. दगड खांद्याला ओढत होता. वेशीवरचे उभे दगड आले तेव्हा तिनं सवयीनं त्यांचा प्रकार ओळखायचा प्रयत्न केला आणि तिला एकही ओळखता येईना. तिथे पिशवी जास्त जड झाली. दमल्यावर जड वाटतंच, असं म्हणत ती चालत राहिली, पण पिशवी खाली ठेवून विसावा घ्यायचं तिनं तिथे टाळलं.

सुकरी अंगणात बसून झाडू बांधत होती. पाठ रस्त्याकडे. "सुकरी," रंजीतानं हाक मारली. पोरीचा हात चालत राहिला. आणखी जवळ जाऊन मारली. बहिरं माणूस असतं तशी ती बसून होती. रंजीतानं खांद्याला हात लावला तेव्हा मात्र ती दचकून वळली आणि ओळखीचं हसली. "म्याडम! कवा आल्या?"

बायनाबाई ओसरीवरून सगळं पाहत होती. तिनं पिशवी पाहिली. "आनला?"

"आणला. बाई, माझी चूक झाली. मी तुमच्या पाया पडते. पण पोरीला शाळेत पाठवा. हुशार आहे ती."

"माहीत हाय." म्हातारीनं दगड पिशवीतून काढायला लावला, अंगणात ठेवला आणि स्वतःच्या हातानं उभा केला. तो नीट उभा राहिला. "हा आता बिननावाचा राहत नाई. वाढाले लागला. रिकामा ठेवला तं तिचंच धरून ठेवन." मग अगदी बाजारात भाव सांगावा तसं ती म्हणाली, "माहं नाव लिही."

"बाई, तुमी..."

"मंग का तुह्या पोरीचं लिहितं?"

म्हातारीनं रागानं विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं आणि उत्तरासाठी थांबली होती.

रंजीतानं पर्समधून चिठ्ठ्यांचा कागद काढला, पेन काढलं. हा कागद आहे. हे पेन आहे. हा लोहखनिजाचा तुकडा आहे. ती हे मनात म्हणत राहिली आणि पेन टेकत नव्हतं. नानाजी असते तर म्हणाले असते, काही होत नाही तर लिही. आणि काही होतं असं वाटत असेल, तर आपल्या पोरीचं काढलंस तेव्हा कुणाला सांगितलंस?

"लिही ना वं," बायनाबाई म्हणाली. "भात शिजाचा हाय माहा."

तिनं लिहिलं. नाव: बायनाबाई पुंगाटी. ठिकाण: पेंदुरवाही. अक्षर वाकडं आलं. सवयीनं हात पुढच्या ओळीवर गेला.

"हे का लिहून राह्यली?"

"तारीख."

"तारीख नको," म्हातारी म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली, एकच दात दिसला. "ते मागून पाहू."

चिठ्ठी डकवली. बायनाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं, "हे मी?" विचारलं, आणि हो म्हटल्यावर दगडाच्या बुडाशी पायानं माती लोटली. मग आत तोंड करून म्हणाली, "सुकरी, दप्तर घे."

"हो आजी," सुकरी म्हणाली आणि उठली.

रविवार होता. तरी पोरगी दप्तर घेऊनच निघाली. रिनाकडून बुडालेलं उतरवून घ्यायचं म्हणाली. नाल्याच्या वळणावर रंजीता वळली. म्हातारी अंगणात पाठमोरी होती, दगडाशी वाकलेली. "येते, बायनाबाई!" तिनं मोठ्यानं म्हटलं. म्हातारी वळली नाही.

"म्याडम," सुकरी हळूच म्हणाली, "आता ते नाव नका घेऊ. आजी म्हना."

संध्याकाळी लोकेश गडचिरोलीला पोचला आणि त्यानं फोन केला. रंजीता ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात उभी राहिली. आत रिना आणि सुकरी वही उतरवत होत्या, मध्येच हसत होत्या.

"आली का पोरगी?"

"आली. उद्यापासून वर्गात."

"वा! म्हातारीले कसं पटवलं?"

"पटलं तिला."

"शेवटी समजावून सांगितलं का समजते लोकाइले," लोकेश म्हणाला. पुढच्या महिन्यात कार्यालयाच्या एका कार्यक्रमात तो हे सांगणार होता, अंधश्रद्धेवर मात वगैरे. त्याला ते लिहून घ्यायचं होतं. "नाव काय म्हातारीचं?"

रंजीतानं अंधारत चाललेल्या रस्त्याकडे पाहिलं.

"रेंज जाते काय? हॅलो? नाव काय तिचं?"

"सुकरीची आजी," रंजीता म्हणाली. "तेवढंच लिही."